सालीचा प्रश्न

तोक्योतल्या डिपार्टमेंट स्टोअरवाल्यांचा मनुष्यस्वभावाचा अभ्यास दांडगा आहे. गर्दी खेचणारी जत्रा ते तळमजल्यावर भरवत नाहीत. ती भरते वर, सातव्या-आठव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. माणसं भुकेली वर जातात आणि पोट भरल्यावर सरकत्या जिन्याने खाली उतरताना मजल्यामजल्यावर पैसे सांडत येतात. कुठे मोजे, कुठे छत्री, कुठे नवऱ्याला टाय. धंद्यातले लोक याला 'शॉवर इफेक्ट' म्हणतात. वर तोटी सोडली की खालचे सगळे मजले भिजतात.

या तोटीतून कधी होक्काइदोचे खेकडे येतात, कधी क्योतोची लोणची. आणि वर्षातून एखाद्या वेळी आंको येतो. तेव्हा बेत करावा लागतो. रांग हॉलच्या दाराशी संपत नाही, ती जिन्यात वळते, आणि रांगेच्या शेवटी एक तरुण 'रांगेचं टोक इथे' अशी पाटी धरून उभा असतो. रांग वाढली की तो मागे सरकतो. मी गेलो तेव्हा तो सरकत सरकत जपानी पायमोज्यांच्या विभागात पोचला होता आणि तिथली विक्रेती त्याला वाकून वाकून नमस्कार करत होती. बहुधा तिला शॉवर इफेक्ट खालून वरही चालतो हे नुकतंच उमगलं असावं.

आंको म्हणजे काय, हे मराठी माणसाला एका शब्दात सांगता येतं : पुरण. हरभऱ्याच्या डाळीऐवजी अझुकी नावाचे बारीक, गडद लाल दाणे, गुळाऐवजी साखर, आणि वेलची-जायफळाच्या जागी काहीही नाही. हे 'काहीही नाही' अंगवळणी पडायला मराठी माणसाला वेळ लागतो. पहिले काही महिने आपली जीभ घासाच्या कोपऱ्याकोपऱ्यात वेलची शोधत हिंडते आणि रिकाम्या हाताने परत येते. तुपाची चौकशी तर करूच नये.

पण खरा धक्का पदार्थाचा नसतो, त्याच्या कौतुकाचा असतो. काउंटरवर दोन बायका नमुन्याचा तुकडा तोंडात टाकतात, डोळे मिटतात, उघडतात, आणि एकमेकींना अतीव समाधानाने सांगतात, "फारसं गोड नाहीये!" पलीकडचा कारागीर हे ऐकून कृतार्थ होतो आणि कमरेत वाकतो. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत श्रीखंड खाऊन "वा, फारसं गोड नाही हं" म्हणून पाहा. मुलीकडचे लोक तीन पिढ्या लक्षात ठेवतील. गंमत म्हणजे पारंपरिक आंकोत कोरड्या दाण्यांच्या वजनाच्या आसपास साखर पडते. ते कारागिराला माहीत आहे, त्या बायकांनाही माहीत आहे. साखर घालायची भरपूर, पण ती सापडू द्यायची नाही, असा तो खेळ आहे, आणि जमला नाही तर खाणारा सभ्यपणे न बोलता पुढच्या काउंटरवर जातो.

जपानी माणूस 'नाही' म्हणत नाही, असं प्रत्येक प्रवासी पुस्तकात छापलेलं असतं. ते खोटं नाही. घर भाड्याने देणारा एजंट, बँकेतला बाबू, कचेरीतला साहेब, सगळे दातांतून हवा आत ओढून "जरा अवघड आहे" म्हणतात आणि प्रश्न तिथेच विरघळतो. पक्ष घेणं, बाजू मांडणं, समोरच्याला खोडून काढणं, हे इथे चारचौघांत होत नाही. एवढ्या दाबून ठेवलेल्या मतांचं हे लोक करतात काय, असा मला बरीच वर्षं प्रश्न होता. त्या जत्रेत उत्तर मिळालं. ती सगळी मतं ते अझुकीच्या सालीवर खर्च करतात.

आंकोचे दोन पंथ आहेत. दाणे सालासकट शिजवून, जमेल तेवढे अख्खे ठेवून केला तो त्सुबुआन. साल काढून केला तो कोशीआन. कोशीआनचा खटाटोप ऐकण्यासारखा आहे. दाण्यांचं पहिलं तुरट पाणी फेकायचं, मग मऊ शिजवायचं, चाळणीवर घासून साल वेगळी करायची, खाली आलेला गाळ पाण्यात ढवळायचा, बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं, पुन्हा तेच, पुन्हा तेच, शेवटी फडक्यात घट्ट पिळायचं आणि मग साखरेबरोबर आटवायचं. आपल्याकडे पुरणयंत्रातून एकदा काढलं की बाई हुश्श करते. इथे त्यानंतर धुणं-पिळणं सुरू होतं.

आता या दोन पंथांचं एकमेकांविषयी मत. कोशीवाले त्सुबुवाल्यांना मनातून गावंढळ समजतात. दातांत साल अडकवून घेणं ही त्यांच्या लेखी आवड नसून संस्कारांची उणीव आहे. त्सुबुवाल्यांच्या मते कोशीआन हे आजाऱ्याचं खाणं. दाण्याची चव हवी आणि दाणाच नको, हा कुठला न्याय? ही मतं ते बोलून दाखवतात, हे विशेष. मेट्रोत शेजाऱ्याच्या पायावर पाय पडला तर आपणच माफी मागणारी माणसं इथे "छे छे, मी कोशीच!" असं तळहात हलवून सांगताना मी पाहिली. हॉलमध्ये एकदोन काउंटरांनी तर दोन वेगळ्या रांगाच केल्या होत्या आणि मधल्या मोकळ्या जागेतून दोन्ही बाजू एकमेकांच्या खोक्यांकडे तिरप्या नजरेने बघत होत्या.

आतला पक्ष बाहेरून ओळखू यावा म्हणून चिन्हांचीही सोय आहे. आंको भरलेला पाव, म्हणजे आनपान, १८७४ साली किमुरा यासुबेई या माजी सामुराईने काढला. तलवारी म्यान करायचे दिवस आले होते, करायचं काय म्हणून गडी बेकरीत शिरला. यीस्ट मिळेना, तर साकेच्या आंबवणाने पीठ फुगवलं. पुढच्या वर्षी ४ एप्रिलला तो पाव मेइजी सम्राटापुढे गेला, बेंबीत खारवलेलं चेरीचं फूल खोचून. सम्राटाला आवडला आणि पावाचं भाग्य उजळलं. किमुराच्या गिन्झातल्या दुकानात कोशीआनच्या पावावर खसखस लावायचा रिवाज आहे, म्हणजे न फोडता कळावं. मतपत्रिकेवर छापायला इतकं सुटसुटीत चिन्ह आपल्या कुठल्याही पक्षाकडे नाही.

दाण्यांतही उतरंड आहे. जपानात पिकणाऱ्या अझुकीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक एकट्या होक्काइदोत पिकते. पण घराण्याचं नाव घ्यायचं तर ताम्बा भागातल्या दाइनागोनचं. हा दाणा मोठा, आणि शिजताना त्याची साल सहसा फाटत नाही. दाइनागोन ही मूळ दरबारातली एक पदवी. या पदावरच्या सरदाराने राजवाड्यात तलवार उपसली तरी त्याला पोट फाडून घ्यावं लागत नसे. दाण्याचंही पोट फाटत नाही, म्हणून त्याला हे नाव पडलं, असं सांगतात. १७०१ साली आसानो नावाच्या एका सरदाराने एदोच्या किल्ल्यात शस्त्र उपसलं आणि त्याच दिवशी त्याला हाराकिरी करावी लागली. बिचारा दाइनागोन नव्हता, साधा होता. फाटला.

या दाण्यासाठी माणसंही फाटली आहेत. युद्धानंतरच्या काळात अझुकीच्या सट्ट्याने जपानात धुमाकूळ घातला होता. होक्काइदोत उन्हाळा थंड गेला की पीक बुडायचं, भाव आकाशात जायचा, आणि सटोडिये रातोरात तरायचे किंवा राहतं घर घालवून बसायचे. 'लाल हिरा' म्हणत त्या दाण्याला; त्याच नावाची काजियामा तोशियुकी यांची कादंबरी खूप गाजली. पुरणाच्या डाळीपायी घर गेलं, हे आपल्याकडे घरी जाऊन बायकोला सांगायची हिंमत कुणी केली असती, मला माहीत नाही.

मला या जत्रेला घेऊन गेल्या त्या आमच्या शेजारच्या आजी. आम्ही निशी-कासाईला राहतो. तिथे भारतीय इतके आहेत की मेथीची जुडी मिळते. पण आजी पक्क्या जुन्या तोक्योच्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला गाव, पगार, मुलंबाळं यातलं काही विचारलं नव्हतं. रांगेत उभं राहिल्यावर मात्र आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक विचारू का? राग नाही ना येणार?"

मी म्हटलं, "विचारा की."

"तुम्ही त्सुबु की कोशी?"

मी बाजू राखावी म्हणून म्हणालो, "मला आपला शिरोआन आवडतो, पांढरा." पांढऱ्या घेवड्याचाही आंको करतात, तो खरोखरच बरा लागतो. आजींनी दातांतून हवा आत ओढली. "हो का," त्या म्हणाल्या, "तोही असतो." निवडणुकीत अपक्षाला मत देऊन आलेल्या माणसाशी जितक्या आदराने बोलतात तितक्याच आदराने म्हणाल्या.

त्या स्वतः कोशी. यजमान त्सुबु होते. "त्याबद्दल मी त्यांना कधीच काही बोलले नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की न बोलणं हेच त्या संसारातलं मोठं भांडण होतं. संपाताच्या दिवसांत इथे पितरांना ओहागी ठेवतात, भाताच्या गोळ्यावर आंकोचं लिंपण. आजी यजमानांच्या फोटोपुढे न चुकता त्सुबुचा ओहागी ठेवतात.

"आता तरी त्यांच्या मनासारखं होऊ दे," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पण एकच ठेवते."

सालीवरून वाद मिटलाच तर आकारावरून सुरू होतो. ताइयाकी हा माशाच्या साच्यात भाजलेला, पोटात आंको भरलेला पदार्थ. १९०९ साली निघालेल्या तोक्योच्या नानिवाया दुकानाकडे त्याचं पितृत्व जातं. मालकाने आधी कासवाचा आकार करून पाहिला, कुणी घेईना, मग ताइ हा लग्नकार्यातला महागडा मासा केला आणि उड्या पडल्या, अशी कथा आहे. गरिबाला ताइ परवडत नाही, निदान आकार तरी खाऊ दे. तर या कणकेच्या माशातही दोन जाती मानतात. दोन-दोन किलोच्या लोखंडी चिमट्यात एकेकटा भाजलेला तो 'समुद्रात पकडलेला', आणि मोठ्या तव्यावर एकदम रांगेने भाजलेले ते 'तळ्यात पाळलेले'. हे विनोदाने म्हणतात असं मला वाटलं होतं. पण चिमट्यावाल्याच्या रांगेतल्या एका गृहस्थाने अत्यंत गंभीरपणे शेजारच्या तव्याकडे हनुवटीने खूण केली आणि म्हणाला, "ते? ते पाळीव." त्याच्या हातात 'समुद्रातला' होता. कडा थोडी जळलेली होती आणि तीच त्याची जातकुळी असावी.

मग डोकं आधी खायचं की शेपूट? त्यावरून माणसाचा स्वभाव सांगणारे आहेत. आणि शेपटीत आंको असावा की नसावा? आंदो त्सुरुओ या नाट्यसमीक्षकाने १९५०च्या दशकात योत्सुयातल्या एका दुकानाचा मासा शेपटीपर्यंत भरलेला असतो म्हणून वर्तमानपत्रात वाखाणला, तर दुसऱ्या बाजूने उत्तर तयारच होतं : शेपूट कोरडीच हवी, गोड खाल्ल्यावर तोंड साफ करायला. नाटकं पाहणाऱ्या माणसाने रंगभूमी सोडून शेपटीवर लिहावं आणि लोकांनी ते नाटकापेक्षा आवडीने वाचावं, हे मला फार आपलंसं वाटतं. रोज रोज तव्यावर भाजून घ्यायचा कंटाळा आलेला एक ताइयाकी समुद्रात पळून जातो, असं एक बालगीत १९७५ च्या शेवटी निघालं. त्या तबकडीच्या खपाचा जपानातला विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. कचेरीत जाणाऱ्या माणसांनीच ती विकत घेतली असणार. मुलांकडे एवढे पैसे कुठले?

माशाऐवजी साधी गोल, जाड चकती केली तर वाद नावाचा. तोक्योत इमागावायाकी, दुसरीकडे ओबानयाकी, ओसाकाकडे काइतेनयाकी, हिमेजीकडे गोझासोरो. वस्तू एकच. जो तो आपलंच नाव खरं आणि बाकीची टोपणनावं मानतो. सगळ्या जपानातली दुकानं एका हॉलमध्ये आणणाऱ्या संयोजकावर काय प्रसंग ओढवत असेल! इथे त्याने पाटीवर कुठलंच नाव लिहिलं नव्हतं. नुसतं चित्र काढलं होतं. गिऱ्हाइकं बोटाने दाखवून मागत होती. पाटी बघून एक ओसाकाकर बाई आपल्या नवऱ्याला समाधानाने म्हणाल्या, "बघ, काइतेनयाकीचं चित्र."

वसंतातल्या साकुरामोचीचंही तसंच. तोक्योची म्हणजे पातळ धिरड्यात गुंडाळलेली. १७१७ साली सुमिदा नदीकाठच्या चोमेइजी देवळाच्या दरवानाने खाली पडलेली चेरीची पानं झाडून झाडून कंटाळून खारवली आणि त्यात मिठाई गुंडाळून विकायला काढली, अशी तिची कुळकथा. ओसाका-क्योतोची म्हणजे भरड तांदळाचा गुलाबी गोळा. पान मात्र दोन्हीकडे, आणि पान खायचं की काढून ठेवायचं यावर दोन्हीकडे दुफळी. मी तिथे एक कुटुंब पाहिलं : बापाने पान खाल्लं, आईने काढलं, मुलीने अर्धं खाल्लं. लोकशाही खेळीमेळीने चालू होती.

माझ्या भाच्याला यातलं काहीच ठाऊक नाही. पुण्याहून फोनवर त्याने एकच मागणी नोंदवली, "मामा, डोराकेक आण." टीव्हीवरच्या निळ्या मांजराने मराठी मुलांच्या एका पिढीला आंकोची दीक्षा दिली आहे, पण आत काय असतं ते सांगितलं नाही. मुलं त्याला चॉकलेट समजतात. गेल्या खेपेला नेलेला खरा दोरायाकी भाच्याने एक चावा घेऊन परत केला आणि "यात राजमा आहे" अशी तक्रार आईकडे नोंदवली. वनस्पतिशास्त्र पाहता त्याचं फारसं चुकलं नव्हतं. ताईने उरलेला खाल्ला आणि मला फोन केला, "छान आहे रे, पण फार गोड नाही." कौतुक की तक्रार, मी विचारलं नाही.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून बेतलं, ती ओकायामाची. त्या शहराचा ओते मान्जू १८३७ पासूनचा. त्याचं आवरण इतकं पातळ की आतला कोशीआन बाहेरूनच दिसतो. उत्साहाच्या भरात मी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं की आमच्या गावात तुमच्या गावची बाग आहे. तिने डोळे मोठे केले, आतल्या वयस्कर माणसाला बोलावलं, मी पुन्हा सांगितलं, दोघं वाकले, मी वाकलो, मागची रांग थांबून राहिली. त्यांनी खोकं मात्र पूर्ण किमतीलाच दिलं. गावकीचा हिशेब वेगळा आणि गल्ल्याचा वेगळा, हे तत्त्व पुणेकराला समजावून सांगावं लागत नाही.

मान्जूबद्दल शाकाहारी वाचकांना एक आनंदाची बातमी. हा पदार्थ चौदाव्या शतकात चीनहून नारात आलेल्या रिन जोइन नावाच्या माणसाने आणला. तिकडे त्यात मांस असे. इथल्या झेन भिक्षूंना ते चालेना, म्हणून त्याने आत अझुकी भरली. नारात त्याचं देऊळ आहे. मिठाईवाल्याचं देऊळ! आपल्याकडे मिठाईवाल्याला दिवाळीत बोनस मागितला जातो, नवस कुणी बोलत नाही. योकानचंही मूळ असंच मेंढीच्या रश्शात आहे. रश्शाचं गोठलेलं रूप बघून भिक्षूंनी ते बिनमांसाचं करायला घेतलं आणि हळूहळू आंको व अगर यांची काळसर, चकचकीत लादी तयार झाली.

ही लादी टिकते फार. महायुद्धात मामिया नावाच्या रसदीच्या जहाजावर ती नौसैनिकांसाठी बनत असे. आता भूकंपासाठी पाच वर्षं टिकणारी निघते. आणि वजनदार असते. कंपनीकडून गिऱ्हाइकाचं काही बिघडलं, तर माफी मागायला जाताना तोराया या जुन्या दुकानाचं योकान न्यावं, असा साहेबलोकांत संकेत आहे. पिशवी हातात घेताच समोरच्याला पश्चात्तापाचं वजन कळतं. त्या काउंटरवर काळ्या सुटातला एक तरुण एकटाच उभा होता. तो सर्वांत मोठं खोकं मागत होता. कोणाचं काय बुडालं होतं देव जाणे, पण आजींनी त्याच्याकडे पाहून मान तुकवली.

खरेदी संपवून आम्ही गल्ल्यावर आलो आणि मग मला या जत्रेचं गणित कळलं. मोची, दाइफुकु, दांगो यांसारख्या वस्तू सकाळी करायच्या आणि त्याच दिवशी संपवायच्या असतात. दुसऱ्या दिवशी आतला तांदूळ वातड होतो. खोक्यावर शिक्का असतो : 'आजच खाणे.' हजारो माणसं, प्रत्येकाच्या हातात तीन-चार पिशव्या, आणि सगळ्यांची मुदत आज रात्री बारा. गल्ल्यावरची मुलगी गंभीरपणे विचारते, "घरी पोचायला किती वेळ?" त्याप्रमाणे बर्फाची पुडी देते. एवढं सगळं संपवायला किती वेळ, ते विचारत नाही.

तोझाई लाइनच्या त्या डब्यात अर्धे प्रवासी मुदतीचा माल घेऊन बसले होते. आजींच्या मांडीवर सात-आठ जणांचा ऐवज होता आणि त्या राहतात एकट्या. पण त्यांची यादी तयार होती : पहिल्या मजल्यावरच्या काकू, इमारतीचा रखवालदार, समोरच्या घरातलं नवं जोडपं, आम्ही. रात्री आठाला घंटी वाजली. दारात आजी, हातात कोशीआनचे दोन दाइफुकु. "जास्त झालेत हो, मदत करा." जास्त कसे झाले, ते मी रांगेत त्यांच्या शेजारीच उभा राहून पाहिलं होतं. पाऊण तासाने पुन्हा घंटी. वरच्या मजल्यावरचे आजोबा त्याच जत्रेतून आले होते, त्यांचे दाइफुकु त्सुबुचे. "जास्त झालेत, जरा मदत," ते म्हणाले. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत, टेबलावरच्या उघड्या खोक्यावर गेली.

"अच्छा," ते म्हणाले, "आधी त्या येऊन गेल्या वाटतं."